कुलपातल्या गोळ्या

माझ्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर ते बिचारं गुमान काम करत होतं, त्यामुळे त्याची चौकशी करायची वेळ आली नव्हती. या लेखात डॉक्टरी माहिती शोधू नका, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी लिहितोय ते ज्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही, महिनोन्‌महिने संपत नाही आणि ज्यांच्या औषधाचं नाव काढलं की समोरचा माणूस खुर्ची जरा मागे घेतो, त्यांच्यासाठी. त्यांच्या घरच्यांनीही वाचलं तर बरं.

बांधावर

मी सरकारी भूमापक. लोकांच्या जमिनी मोजून कोणाचा बांध कुठे, ते सांगणं हे माझं काम. या कामात दोन्ही बाजूंचे शिव्याशाप मिळतात, त्यामुळे कातडी जाड झालेली होती. त्या दिवशी मुळशीकडच्या एका गावात दोन चुलतभावांच्या वादातली मोजणी होती. सकाळपासून पोटात वरच्या बाजूला कळ येत होती. ॲसिडिटी समजून मी गोळी चघळत होतो. दुपारी ती कळ पाठीतून आरपार गेली आणि मी यंत्रासकट खाली बसलो.

एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे भाऊ धावत आले. एकानं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय. “साहेबास्नी ऊन लागलं वाटतंय,” एक म्हणाला. दुसरा माझं तोंड बघून म्हणाला, “ऊन न्हाय. आतलं कायतरी हाय.” त्याचंच निदान बरोबर निघालं.

पुण्यात आणलं, भरती केलं, रक्त तपासलं, पोटाचा स्कॅन काढला. मग एक तरुण डॉक्टर आले आणि कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, “किती घेता?”

घेत नाही, म्हटलं. कधीतरी पार्टीत, त्यांनी सुचवलं. कधीच नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. संध्याकाळी पाळी बदलली, नवे डॉक्टर आले, त्यांनीही तेच विचारलं. माझ्या बायकोला, प्रज्ञाला, बाहेर बोलावून वेगळं विचारलं. स्वादुपिंडाला सूज म्हणजे दारू, असा सरळ हिशेब होता. न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि काही वेळा कारण सापडतच नाही, हे पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर सगळ्या वॉर्डात मी बेवडा ठरलो होतो.

त्याचंही मला फारसं काही वाटलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी माझे वडील आले.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, बाबांच्या नोकरीमुळे पुण्यात आलो आणि पुढे वारज्यात फ्लॅट घेऊन राहिलो. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली होती, पण दारू काही सुटली नव्हती. त्यांना गुत्त्यावरून घरी आणायचं काम लहानपणी बाबांकडे असायचं. त्याच दारूनं आजोबा गेले. आमच्या घरात रोज सकाळी वंदना आणि पंचशील म्हटलं जातं. त्यातल्या पाचव्या शीलाला, मद्य आणि नशा वर्ज्य करण्याच्या शीलाला, बाबांचा आवाज किंचित चढतो. सगळं घर त्यांनी त्या एका ओळीवर उभं केलेलं होतं.

बाबांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, “मिलिंद, खरं सांग. मी रागावणार नाही.”

माझ्या नाकात नळी होती, दोन दिवस पाण्याचा थेंब पोटात गेला नव्हता. ते सगळं एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. “बाबा, कधीच नाही,” मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पण शंभर टक्के पटल्यावर माणूस जशी डोलावतो, तशी ती नव्हती.

दहापैकी किती

इस्पितळात दिवस घड्याळावर चालत नाही, ट्रॉलीच्या आवाजावर चालतो. रक्त घेणारी ट्रॉली, चहाची ट्रॉली (आपल्यासाठी नसलेली), औषधांची ट्रॉली. सिस्टर येऊन विचारायच्या, “दुखणं दहापैकी किती?” आयुष्यभर मोजणी केलेला मी, मला हे माप काही जमेना. आठ म्हणावं तर काल आठ म्हणालो होतो आणि आज त्याहून जास्त होतं. दहा म्हणावं तर उद्यासाठी शिल्लक काय ठेवायचं? एक वयस्क सिस्टर होत्या. त्या आकडा विचारायच्याच नाहीत. गरम पाण्याची पिशवी पाठीखाली सरकवायच्या आणि “श्वास सोडा, धरून ठेवू नका,” एवढंच म्हणायच्या. त्या कामावर असल्या की मला जरा धीर यायचा.

घरी आलो आणि पुन्हा गेलो. पुन्हा आलो. वर्षभरात कळलं की हे बरं होणारं दुखणं नाही, सोबत राहणारं आहे. ऑफिसनं मला शेतावरून काढून टेबलावर बसवलं. तिथंही मी पोट धरून वाकलेला असायचो. जेवणाची भीती बसली, कारण जेवलं की तासाभरात कळ यायची. प्रज्ञा आयटीत आहे, घरून काम करते. तिच्या मीटिंगा चालू असताना मी तोंडात टॉवेल धरून पडायचो. माझी मुलगी मुक्ता तेव्हा पाचवीत होती. ती घरात पाय न वाजवता चालायला शिकली होती. तिला असं चालताना बघून मला रडू यायचं. मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही. असंच जगत राहावं लागेल, याची वाटली.

किल्ली

शेवटी आम्हाला वेदना दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई साठीच्या, केस आखूड कापलेल्या, बोलणं त्याहून आखूड. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “दुखणं शून्यावर आणून देतो असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नका. स्वतःची अंघोळ स्वतः कराल, घरच्यांबरोबर बसून जेवाल, एवढं बघू.”

आधी साध्या गोळ्या झाल्या. मग नसांच्या झाल्या. पाठीतून इंजेक्शन देऊन पाहिलं, ते काही महिने टिकलं. हे सगळं थकल्यावर बाई मॉर्फिनवर आल्या. हे औषध कायद्याच्या नजरेखालचं आहे, म्हणून त्यांनी नियम समोर बसवून सांगितले. औषध एकाच डॉक्टरचं, म्हणजे त्यांचंच. सांगितल्यापेक्षा एकही गोळी जास्त घ्यायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही. सोबत झोपेचं औषध नाही, दारू नाही. (इथं मी हसलो, त्या नाही हसल्या.) रिकामी पाकिटं परत आणून दाखवायची. आणि गोळ्या कुलपात राहतील, किल्ली रुग्णाकडे नको, घरच्या एका विश्वासू माणसाकडे असू दे.

“किल्ली मी ठेवतो,” सोबत आलेले बाबा म्हणाले. आयुष्यभर सरकारी शिक्का आणि तिजोरी सांभाळलेला माणूस. मला ते योग्यच वाटलं.

औषध दवाखान्यातूनच मिळायचं. एकदा त्यांच्याकडचा साठा संपला होता, म्हणून बाईंची चिठ्ठी घेऊन कसबा पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, “हे कोण घेतं?” मी घेतो, म्हटलं. “तब्येत तर चांगली दिसतेय,” ते म्हणाले आणि चिठ्ठी परत केली. अशा औषधासाठी दुकानाकडे वेगळा परवाना लागतो, तो नव्हता. तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पण गोळ्यांनी काम केलं. दुखणं गेलं नाही, शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं. काही दिवसांनी मी टेबलाशी बसून वरण-भात खाल्ला आणि मुक्तानं माझ्याशी रिमोटवरून भांडण केलं. ती माझ्याशी भांडली, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

बाबा सकाळ-संध्याकाळ कपाट उघडायचे, गोळी तळहातावर ठेवायचे आणि मी ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे.  मग जाऊन हात धुवायचे.

बुद्धपौर्णिमा

मे महिन्यात प्रज्ञा मुक्ताला घेऊन नागपूरला माहेरी गेली. घरात मी आणि बाबा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी कपाट उघडलं नाही.

“आज राहू दे,” ते म्हणाले. “उद्या विहारात शील ग्रहण करशील, तेव्हा अंगात ते नको.”

डॉक्टरबाईंनी मनानं बंद करू नका असं बजावलं होतं, ते मी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, फक्त दोन दिवसांचा प्रश्न आहे, माणसाला दोन दिवस निग्रह जमू नये? एवढ्या शांतपणे बोलत होते की वाद घालणं मलाच ओशाळवाणं वाटलं. औषध हे नशा नव्हे, आजाऱ्याला औषध घ्यायची मोकळीक बुद्धांनीच दिली आहे, हे आमच्या विहारातल्या भंतेजींनी त्यांना पूर्वी सांगितलेलं होतं. बाबांनी ते ऐकलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. त्यांच्यासमोर भंतेजींचं बोलणं नव्हतं, गुत्त्याबाहेर पडलेला त्यांचा बाप होता.

पौर्णिमेला सकाळी मी विहारात गेलो नाही. उठूच शकलो नाही. नाक वाहत होतं, जांभया थांबत नव्हत्या, घामानं चादर भिजली होती आणि तरी अंगावर काटा. जुलाब सुरू झाले. पाय एका जागी ठरेनात. आणि त्या सगळ्याच्या खाली ती पोटातली कळ, आता अडवायला कोणी नसलेली.

बाबांनी पाहिलं. “बघ,” ते म्हणाले. “माझ्या बापाला असंच व्हायचं. हेच ते.”

त्यांना पुरावा मिळाला होता. गोळी नाही म्हणून तडफडतोय म्हणजे व्यसनच, आणि व्यसन म्हणजे अजून गोळी द्यायची नाही. दिवसभर ते माझ्याजवळ बसले. माझा घाम पुसला, घोट घोट पाणी पाजलं, चादरी स्वतः धुतल्या. रागावले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं मला गोळी देत नव्हते. दुपारनंतर मी खाटेवरून उतरलो आणि त्यांचे पाय धरले. बाबा रडले. पण किल्ली शर्टाच्या खिशातच राहिली.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिनं काही विचारलं नाही. फोन ठेवला आणि डॉक्टरबाईंना लावला. त्यांनी बाबांना फोन केला. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बाबा नुसतं “हो” म्हणत होते. मग त्यांनी कपाट उघडलं. गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

त्या आठवड्यात बाईंनी बाबांना समोर बसवलं. म्हणाल्या, “काका, शरीराला सवय होणं वेगळं आणि माणूस व्यसनी होणं वेगळं. रोज इन्सुलिन घेणाऱ्याचं इन्सुलिन तुम्ही एकदम बंद केलंत तर तोही तडफडेल. कमी करायचं झालं तर मी करीन, टप्प्याटप्प्यानं. तुम्हाला किल्ली राखायला दिली होती, निकाल द्यायला नाही.”

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि प्रज्ञासमोर ठेवली.  त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो आणि पेपर कुठाय, चहा झाला का, याच्या पलीकडे बोललो नाही.

जे लोक लिहीत नाहीत

एक गोष्ट मी लपवणार नाही. बाबांची भीती अगदीच वेडेपणाची नव्हती. एका दिवशी दुखणं बेताचंच होतं, पण ऑफिसात अपमान झाला होता आणि मन उतरलं होतं. तेव्हा मला गोळी हवीशी वाटली. पोटासाठी नाही, मनासाठी. मी घाबरलो. प्रज्ञाला सांगितलं, दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. असं वाटलं तर लगेच सांगायचं, हाच खरा नियम आहे, बाकीचे त्याच्यासाठीच आहेत, असं म्हणाल्या. त्यांनी मला समुपदेशकाकडे धाडलं, पुढे मात्राही हळूहळू थोडी उतरवली. लाज वाटून गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो. तुम्ही या वाटेवर असाल तर एवढं कराच. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याशी आणि ज्याची चिठ्ठी आहे त्याच्याशी खोटं बोलू नका.

रविवार

मग बाबांचं दुखणं निघालं. प्रोस्टेटचा कॅन्सर, कळला तेव्हा हाडांपर्यंत पोहोचलेला. किडन्याही अधू झाल्या होत्या. डॉक्टरबाई त्यांना बघायला घरी आल्या आणि थोड्या मात्रेत मॉर्फिन सुरू करू म्हणाल्या. बाबांनी हात जोडले. “मला शुद्धीत जायचंय,” म्हणाले. शुद्ध जाणार नाही, हे बाईंनी परोपरीनं सांगितलं. पण शेवटी शरीर त्यांचं होतं. बाई म्हणाल्या, मन बदललं तर कोणत्याही वेळी मला फोन करा.

मला ते दुखणं परकं नव्हतं. कूस बदलण्याआधी बाबा श्वास कसा धरून ठेवतात, कोणी आलं की चेहरा कसा सरळ करतात, हे मी भिंतीपलीकडून ओळखत होतो. त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटत होता, दोन्ही एकदम.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. दोन्ही हातांनी खाटेची कड धरली होती, ओठ चावून रक्त आलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मिलिंद, तुझ्यातली एक दे.”

 कपाट पाच पावलांवर होतं, किल्ली प्रज्ञाकडे, प्रज्ञा स्वयंपाकघरात. मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अजिबात देऊ नका. तुमची मात्रा तुमच्या शरीरात काही वर्षांत मुरलेली आहे. त्यांनी कधीच घेतलेलं नाही, त्यात किडन्या तशा. श्वास थांबेल. ॲम्ब्युलन्स बोलवा, मी इस्पितळात येते.

मी बाबांना म्हटलं, “माझी देता येणार नाही. आपण जाऊया, तिथं तुमच्यापुरतं देतील.”  प्रज्ञानं त्यांचं तोंड पुसलं, मी त्यांच्या पायांत मोजे घातले.

रविवार असूनही वारज्याच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. सायरन वाजत होता आणि कोणी हलत नव्हतं. प्रत्येक गतिरोधकाला बाबांच्या तोंडून आवाज निघत होता. तो आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. एका सिग्नलला त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “सूड घेतोयस का रे?”

मी “नाही” म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी जे केलं ते बरोबर होतं. तसाच प्रसंग आला तर आजही तेच करीन. पण त्या प्रश्नाचं ओझं अजून उतरलेलं नाही, आणि बरोबर वागल्यानं ते उतरेल असं मला वाटतही नाही.

बाईंनी इंजेक्शन दिलं, अगदी थोडं. थांबल्या, श्वास पाहिला, पुन्हा थोडं दिलं. संध्याकाळपर्यंत बाबांची मूठ उघडली. त्यांनी चहा मागितला.

चार-पाच दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं. आता त्यांच्यासाठी पातळ औषध होतं, सुई नसलेल्या पिचकारीतून गालात सोडायचं. वेळा बाईंनी ठरवून दिल्या होत्या. बाबांची बाटली वेगळी, माझं पाकीट वेगळं, कुलूप तेच. त्यांची शुद्ध गेली नाही. सकाळी पेपर वाचून दाखवला की त्यातल्या चुका काढायचे. पण औषध ते प्रज्ञाच्या हातून घेईनात. मी ऑफिसातून येईपर्यंत एकदा वेळ टळली आणि दुखणं चढलं, तरी थांबले. तेव्हापासून मी रजा टाकली.

एका सकाळी मी पिचकारी भरत होतो. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “तेव्हा... पौर्णिमेला... तुला एवढं दुखत होतं?”

“नाही बाबा,” मी म्हटलं. “एवढं नव्हतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

“नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही तुला,” ते म्हणाले आणि औषधासाठी तोंड उघडलं.